व्यापाऱ्याची खूण

भामरागडच्या आठवडी बाजारात एकोणिसाव्या शतकातल्या एखाद्या दुकानदाराचं नाव कोरलेला तांब्याचा बिल्ला शोधायला निघालात, तर रिकाम्या हाताने परताल. मेलबर्नच्या किराणा दुकानदारांचे असे बिल्ले आहेत, न्यूयॉर्कच्या दुकानांचे आहेत, इंग्लंडातल्या खाणमालकांचे आहेत. चांद्याच्या सावकारांचे मात्र नाहीत. मग या विषयाची प्रस्तावना भामरागडला बसून कशाला लिहायची, असं वाचक विचारील, आणि ते रास्तच आहे. व्यापाऱ्याने आपलं नाव धातूवर का उमटवलं हे समजून घ्यायला, जिथे त्याला तशी गरजच पडली नाही तो मुलूख फार उपयोगी पडतो. शिवाय जंगलात व्यापार नव्हता असं कुठे आहे? व्यापार होता आणि व्यापाऱ्यांच्या खुणाही होत्या. त्या गोल नव्हत्या, खिशात मावत नव्हत्या, म्हणून संग्राहकांच्या यादीत आल्या नाहीत.

आधी मूळ वस्तू काय ते पाहू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात चिल्लरीचा दुष्काळ होता. सरकारी टांकसाळीने तांब्याची नाणी पाडणं जवळपास बंदच केलं होतं, बाजारात फिरणारं बरंचसं तांबं खोटं होतं, आणि नव्याने निघालेल्या गिरण्या-खाणींत मजुरांचा पगार वाटायला मालकांकडे सुटे पैसे नसत. १७८७ साली अँगलसी बेटावरच्या पॅरिस माइन या तांब्याच्या खाणीने (फ्रान्सच्या राजधानीशी हिचा काही संबंध नाही) स्वतःची पेनी पाडली. तांबं घरचंच होतं. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने बिल्ल्यावर राजाच्या जागी स्वतःचा चेहरा छापला. थट्टा झाली, पण बिल्ले चालले. मग दुकानदारांची रीघ लागली. कुणी चहाची पेटी कोरली, कुणी टोपी, कुणी दुकानाचा दर्शनी भाग. टॉमस स्पेन्स नावाच्या लंडनच्या जहाल पुस्तकविक्याने तर बिल्ल्यांवरून राजकीय प्रचार केला.

जाहिरात म्हणून यातली युक्ती फार साधी आहे. छापील पत्रक हातात पडलं की माणूस दोन पावलांवर टाकून देतो. अर्ध्या पेनीची चकती कुणी टाकत नाही. ती खिशातून गल्ल्यात, गल्ल्यातून दुसऱ्या खिशात फिरत राहते आणि दर फेरीला दुकानाचं नाव कुणाच्या तरी डोळ्यांखालून जातं. वर तांब्याची किंमत बिल्ल्याच्या दर्शनी किमतीहून कमी, म्हणजे वटवायला परत न आलेला प्रत्येक बिल्ला दुकानदाराचा निव्वळ नफा. गिऱ्हाइकाच्या खिशाला भोक पाडून वर त्याच्याकडूनच आपली जाहिरात करून घेण्याचा इतका सभ्य मार्ग दुसरा नसेल.

गोळा करणारेही लगेच निघाले. जेम्स कॉन्डर या इप्सविचच्या दुकानदाराने १७९८ मध्ये या बिल्ल्यांची सूची छापली आणि आजही जगभरचे संग्राहक त्या काळच्या बिल्ल्यांना त्याच्याच नावाने ओळखतात. संग्राहक वाढले तसे त्यांच्यासाठी म्हणूनच मुद्दाम दुर्मीळ बिल्ले पाडून विकणारेही झाले. या छंदातली लबाडी छंदाइतकीच जुनी आहे, हे नवशिक्याने पहिल्याच दिवशी ध्यानात घ्यावं. १८१७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून हे बिल्ले बंद केले. पुढे अमेरिकेत १८३० च्या दशकातल्या मंदीत, नंतर १८६१ ते १८६४ या यादवी युद्धाच्या वर्षांत, आणि ऑस्ट्रेलियात १८४९ पासून तोच खेळ नव्याने झाला. कारण प्रत्येक ठिकाणी एकच, चिल्लर नाही. संपलाही तो बहुतेक ठिकाणी त्याच रीतीने, सरकारने चिल्लर पुरवली आणि कायदा केला.

आता आपल्याकडे. इथे मला एक मत मांडायचं आहे आणि नाणेशास्त्राच्या शिस्तीत ते बसणार नाही हे मला ठाऊक आहे. हिंदुस्थानात व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा बिल्ला ईस्ट इंडिया कंपनीनेच पाडला, आपण फक्त त्याला नाणं म्हणतो. १७९१ ची मुंबई इलाख्याची तांब्याची नाणी बघा. बर्मिंगहॅमजवळ मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत, वाफेच्या यंत्रावर ती पाडली. व्यापारी बिल्ल्यांचं कामही बोल्टनच्या कारखान्यात होत असे. या नाण्यांच्या एका बाजूला तराजू आणि फारसी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. दुसऱ्या बाजूला राजा नाही, राणी नाही, देवही नाही. तिथे आहे कंपनीची गाठोड्यांवरची खूण: हृदयाच्या आकृतीत चार अक्षरं आणि वर चारच्या आकड्यासारखं चिन्ह. जहाजात चढणाऱ्या कापडाच्या गाठी कोणाच्या हे हमालाला कळावं म्हणून जी खूण मारत, तीच मुंबईच्या बाजारातल्या पैशावर आली. दुकानाची पाटी राजमुद्रा झाल्याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही. १८३५ मध्ये सगळ्या कंपनी मुलखासाठी एकच चलन आलं, रुपयावर चौथ्या विल्यमचा चेहरा आला, १८४० पासून व्हिक्टोरिया राणीचा. तरी १८३५ च्या तांब्याच्या पाव आण्यावर मालकाचं नाव ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असंच आहे.

दख्खनमध्ये किरकोळ व्यापाऱ्याला स्वतःचा बिल्ला पाडावासा वाटला नाही याचं एक कारण उघड आहे. तांब्याची इथे टंचाई नव्हती, उलट रेलचेल होती. पेशवाईत टांकसाळीचे परवाने खाजगी माणसांना मिळत. शिवराई तर राज्य गेल्यावरही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत हातोहात फिरत होती. एकाच बाजारात चार तऱ्हांचे पैसे चालत आणि त्यांचा भाव सराफ ठरवी. बट्टा कापून घेण्यात जो नफा होता तो नाव कोरून मिळणाऱ्या नफ्यापेक्षा मोठा होता. सराफाला जाहिरातीची गरज नसते. गरजू माणूस आपणच त्याच्या ओट्यावर येऊन बसतो.

दुसरं कारण कायद्याचं. १८८९ सालचा पहिलाच कायदा धातूच्या टोकनांचा होता. सरकारच्या परवानगीशिवाय तांब्याचा, काशाचा किंवा कुठल्याही धातूचा, ठसा असलेला वा नसलेला, पैसा म्हणून वापरायचा तुकडा कुणी घडवायचा नाही, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे तो थेट २०११ च्या नाणे कायद्यापर्यंत पुस्तकात होता. त्याच १८८९ मध्ये, त्याच सरकारने, चौथा कायदा केला तो मालावरच्या खुणांचा. खोटी खूण मारून माल विकणं गुन्हा ठरलं, आणि गिरणीतल्या कापडाच्या ताग्यावर त्याची लांबी वारात छापणं सक्तीचं झालं. हे दोन कायदे बहुतेक लोक वेगवेगळे वाचतात. संग्राहकाने ते शेजारी ठेवून वाचावेत. एकाच वर्षात सरकारने व्यापाऱ्याला सांगितलं की धातूवर नाव कोरू नकोस, कापडावर खुशाल छाप आणि त्या छापाचं रक्षण आम्ही करू. म्हणून आपला दुकानदारी बिल्ला कागदाचा झाला.

कापडाच्या छापांबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. मँचेस्टरहून येणाऱ्या ताग्याच्या दर्शनी घडीवर रंगीत तिकीट चिकटवलेलं असे: हत्ती, वाघ, राणी, कृष्ण, शकुंतला, कधी नुसतंच घड्याळ. मुंबईत १८५०च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली, आणि देशी गिरण्यांनीही हीच रीत उचलली. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या रविवर्मा छापखान्याची देवीदेवतांची चित्रं घराघरांतल्या भिंतींवर गेली तशी अशा तिकिटांवरही आली. गिऱ्हाईक वाचणारं नव्हतं. ते गिरणीचं नाव घेत नसे, ‘हत्ती छाप दे’ म्हणे. एका हंगामात कापड टिकलं की पुढच्या हंगामाला तोच हत्ती मागे, आणि हत्तीच्या जागी दुकानदाराने उंट दाखवला तर उठून जाई. लांबच्या, अनोळखी गिरणीवरचा विश्वास एका चित्रात बांधला गेला होता. इंग्रज दुकानदाराच्या बिल्ल्यावरची चहाची पेटी याहून वेगळं काय करत होती?

ही तिकिटं आज सापडतात ती भलत्याच ठिकाणी. जुन्या ट्रंकेच्या झाकणाच्या आत चिकटवलेली, वहीखात्याच्या पुठ्ठ्यावर, देवघराच्या भिंतीला. सुंदर होती म्हणून ठेवली, जाहिरात म्हणून कुणी ठेवली नाही. संग्राहकाला एकच विनंती. भिंतीवरून ओरबाडू नका. फोटो काढा, घरच्यांना विचारा ते कुठून आलं, लिहून घ्या. निघालेलं तिकीट चार तुकड्यांचं असतं आणि चार तुकड्यांना बाजारात किंमत नसते, हे लोभी माणसालाही पटावं.

हे सगळं भामरागडपर्यंत पोचलं का? उशिरा आणि पाझरत पाझरत. हा मुलूख अहेरी जमीनदारीचा. नागपूरचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांकडे गेलं तेव्हा चांदा जिल्ह्याच्या या टोकाला सरकार नावालाच होतं. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा इथे मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटा चढली की आजही गावाचा रस्ता तुटतो. १८७० च्या दशकात आगगाडी वरोऱ्याच्या कोळशापर्यंत आली आणि तिथेच अडली. इंद्रावतीपलीकडच्या बस्तरमध्ये एकोणिसाव्या शतकातही कवड्या चलनात होत्या. नदीच्या अलीकडे मीठ हेच चलन होतं म्हटलं तरी चालेल. मीठ, मिरची, कापड द्यायचं आणि मोह, टोळ (मोहाचं बी), चारोळी, डिंक, लाख घ्यायची. या देवघेवीत माडिया माणसाची किती लूट झाली हे १९७३ नंतर हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाल्यावर बाहेरच्या जगाला नीट कळलं. चारोळीच्या बदल्यात मीठ, आणि दोन्ही व्यापाऱ्याच्याच मापाने. अशा बाजारात जाहिरातीचं टोकन कोण पाडील? जिथे गिऱ्हाइकाला दुसरं दुकानच नाही तिथे आपल्या दुकानाचं नाव त्याच्या लक्षात आणून देण्याचं कारण उरत नाही. व्यापारी बिल्ला म्हणजे स्पर्धेचं अपत्य. या जंगलात तो नसणं हाच तेव्हाच्या बाजाराचा पुरावा आहे.

रुपया आला तो दोन रूपांनी, आणि पैसा म्हणून त्याचं काम दुय्यम. पहिलं रूप वजनाचं. १८३५ चा रुपया १८० ग्रेन, म्हणजे नेमका एक तोळा. ऐंशी तोळ्यांचा शेर. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की शेर झाला, मग लोखंडी वजन हवंच कशाला? अर्थात रुपये घासलेले निघाले तर शेरही घासलेला निघे, आणि घासलेले कधी वापरायचे हे दुकानदाराला शिकवावं लागत नसे. दुसरं रूप दागिन्याचं. राणीच्या काळातले चांदीचे रुपये, अधेल्या, पावल्या यांना कडी डाखून केलेल्या माळा गोंड आणि माडिया बायकांच्या गळ्यात आल्या. चांदी अंगावर राहते, चोरीला लवकर जात नाही आणि अडीनडीला मोडता येते. पुढे चांदी महागली तसं पितळेच्या, निकेलच्या चकत्यांनी ती जागा घेतली. देशावरच्या पुतळ्यांच्या माळेचीही हीच कथा. मूळ पुतळ्या व्हेनिसच्या सोन्याच्या डुकाट, समुद्रावरून आलेल्या. मग आपल्या सोनारांनी त्यांच्या नकला घडवल्या आणि संत मार्कच्या पायाशी गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती मराठी बायकांच्या गळ्यात जाऊन बसला. कुणालाही तो कोण हे विचारावंसं वाटलं नाही.

अशा माळा विकत घेणारे दलाल आठवडी बाजारातून फिरतात. यावर माझं मत ठाम आहे. माळ सोडवून त्यातलं एखादं दुर्मीळ सालाचं नाणं काढून घेणं याला मी संग्रह म्हणत नाही. डाख लावलेलं नाणं नाणेबाजारात तसंही खराब धरलं जातं. माळेतला क्रम, दोरा, मण्यांचा रंग, सासूकडून आली की बाजारातून, हे गेलं की हातात उरतात ती आठ-दहा घासलेली नाणी, आणि ती नागपूरच्या इतवारीत कुठल्याही सराफाकडे मिळतात. वजनमापाच्या जुन्या वस्तूंना मात्र हे लागू नाही. दशमान वजनं आल्यावर शेर-पायलीची धातूची मापं भंगारात गेली, त्यांतली जी वाचली ती घ्यावीत आणि कुठल्या गावातून घेतली ते तळाशी चिठ्ठी लावून लिहावं.

आता जंगलाची खरी व्यापारी खूण. ती सागावर आहे. १८७८ च्या वनकायद्याने, आणि पुढे १९२७ च्या, इमारती लाकडाची ने-आण परवान्याने बांधली आणि लाकडावर मारायच्या मालकीच्या खुणा नोंदवून घेण्याची तरतूद केली. ठेकेदार आपली खूण वनखात्याकडे नोंदवी, तिचा हातोडा करून घेई आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एक घाव घाली. अक्षर, आकडा, त्रिकोण, काहीही. खात्याचा स्वतःचा हातोडा त्याच्या शेजारी. कुठल्या कूपातलं (तोडीच्या पट्ट्यातलं) लाकूड, कुणाचं, तपासलं की नाही, हे दोन ठशांत वाचता येई. पुरात वाहून गेलेल्या लाकडाबाबत कायदा स्पष्ट होता. खूण नसेल किंवा पुसली गेली असेल, तर दुसऱ्या कुणी हक्क सिद्ध करेपर्यंत लाकूड सरकारचं. म्हणजे ठसा गेला की मालकी धोक्यात. आलापल्लीच्या डेपोत रचलेल्या ओंडक्यांची तोंडं पाहिलीत तर शेजारी शेजारी उमटलेले हे ठसे भिंतीवरच्या पाट्यांसारखे दिसतात.

मला विचाराल तर चांदा-गडचिरोलीचा संग्राहक इथूनच सुरुवात करील. लाकूड कापलं, विकलं, जळलं, ठसे गेले. राहिले ते नोंदवह्यांतले आणि जुन्या वाड्यांच्या तुळयांच्या टोकांवरचे, जिथे सुताराने रंधा फिरवला नाही. चांद्यातली, मूलमधली, ब्रह्मपुरीतली जुनी घरं पाडली जात आहेत तेव्हा तुळईचं टोक बघणारा एक तरी माणूस तिथे असावा.

बाजारातल्या नकली मालाबद्दल सांगितलं नाही तर ही प्रस्तावना अपुरी राहील, कारण नवशिक्याच्या हाती सर्वांत आधी तोच येतो. हनुमान, गणपती, कमळ किंवा राम-सीता असलेली, ‘ईस्ट इंडिया कंपनी’ असं इंग्रजीत लिहिलेली, १६१६, १७१७ किंवा १८१८ साल दाखवणारी तांब्या-पितळेची जाड नाणी प्रत्येक यात्रेत मिळतात. कंपनीने हनुमानाचं नाणं कधीही पाडलं नाही. १६१६ मध्ये तर सुरतेची वखार उघडून तीन-चार वर्षं झाली होती. त्यांतल्या पुष्कळांवर ‘वन आना’ असतं, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचं एक आण्याचं नाणं १९०७ मध्ये प्रथम आलं, तेही तांब्याचं नाही, तांबं-निकेलच्या मिश्रधातूचं आणि कातरलेल्या कडेचं. देवळांतून मिळणाऱ्या रामटंका हा वेगळा आणि जुना प्रकार; ते प्रसादाचे, पूजेचे तुकडे आहेत, त्यांवरची सालंही काल्पनिक असतात, पण त्यांत फसवण्याचा हेतू नसतो. हनुमानाच्या ‘कंपनी’ नाण्यात तो आहे. हीच नाणी ‘राइस पुलर’ म्हणून लाखोंना विकण्याचे प्रकार महाराष्ट्रात पोलिसांपर्यंत गेले आहेत. नाणं तांदूळ ओढतं, त्यात इरिडियम आहे, अमेरिकेची अंतराळ संस्था विकत घेईल, वगैरे. तांदळात लोखंडाचा कीस आणि नाण्यात चुंबक असला की कुठलाही तांदूळ ओढला जातो.

दोन कायदे खिशात ठेवा. जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर १८७८ च्या भूमिगत धनाच्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं. ती दहा रुपयांची मर्यादा त्या काळची आहे, आज जवळपास सगळंच तिच्यात येतं. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, घेणारा कितीही मोठा संग्राहक असो. ज्यांना नाण्यांचा शास्त्रीय अभ्यास करायचा आहे त्यांनी नाशिकजवळच्या अंजनेरीची नाणेशास्त्र संशोधन संस्था आणि नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, ही दोन दारं ठोठवावीत.

हातोड्यांविषयी एक शेवटची सूचना. वनखात्याचा किंवा ठेकेदाराचा जुना हातोडा विकायला आहे असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. झाडावर किंवा लाकडावर खोटी खूण उमटवणं हा वनकायद्याने शिक्षापात्र गुन्हा आहे, आणि हातोडा घरात सापडला तर तो छंदासाठी आहे हे पटवून देत बसावं लागेल. तुळईवरचा ठसा मात्र कुणाच्या मालकीला धक्का न लावता घेता येतो. पातळ कागद ठशावर ताणून धरा, मऊ पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासा. खाली घराचं गाव, तुळई कुठल्या खोलीतली, ठशाचा व्यास आणि तारीख लिहा. घरमालकाची हरकत नसेल तरच त्याचं नाव.